कुंडलिकेच्या मुखाशी: चौल, रेवदंडा, कोर्लई

१/ अलिबागहून दक्षिणेस निघालेला रस्ता आक्षी, नागाव, चौल ओलांडून रेवदंड्यात येतो आणि थेट किल्ल्याच्या पोटात शिरतो. मोटारीतून जाताना तट क्षणात मागे पडतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही अकरा जण सायकलींवरून गेलो, तेव्हा नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये विखुरलेले एक जुने बंदर हळूहळू उलगडत गेले.

२/ कान्हेरीच्या लेखांतील ‘चेमुल’ आणि अरबांचे ‘सैमूर’ ही याच चौलाची नावे. दहाव्या शतकाच्या आरंभी येथे आलेल्या अल-मसुदीने सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती नोंदवली आहे. राज्य होते शिलाहारांचे.

३/ वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ मध्ये. त्याच्या जवळजवळ तीन दशके आधी त्वेरचा रशियन व्यापारी अफानासी निकितिन विकण्यासाठी घोडा घेऊन चौलास उतरला आणि पुढे जुन्नरला गेला. त्याचे स्मारक रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात आहे. तेथे आम्ही सायकली टेकवल्या.

४/ १५०८ मध्ये याच खाडीत पोर्तुगीजांची इजिप्तच्या मामलुकांशी आणि दीवच्या मलिक अयाझशी लढाई झाली. व्हाइसरॉय आल्मेइदाचा मुलगा लोरेन्सो तीत मारला गेला. पोर्तुगीज वृत्तान्त सांगतात, की त्याचे जहाज मासेमारीसाठी पात्रात रोवलेल्या खुंटांत अडकले होते. ते खुंट रोवणाऱ्यांची नावे कोणी लिहिली नाहीत.

५/ १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी येथे किल्ला उभारण्यास घेतला. १५७०-७१ मध्ये त्याच निजामशाहीने घातलेला वेढा त्यांनी परतवला. १५९४ मध्ये समोरचा कोर्लईचा डोंगरही घेतला. वसई पडल्यानंतर, १७४० च्या तहाने दोन्ही स्थाने मराठ्यांकडे आली. पोर्तुगीज सत्ता गेली. सगळी माणसे मात्र गेली नाहीत.

६/ आज तटाच्या आत वाड्या आहेत, घरे आहेत, शिंपणे चालू आहे. सातखणी मनोऱ्याचा उरलेला भाग झाडांच्या वर डोके काढून उभा आहे. तेथून साळावचा पूल ओलांडून आम्ही कोर्लईकडे वळलो.

७/ गावात दोन स्त्रिया बोलत होत्या. वाक्याची चाल ओळखीची, शब्द मात्र परके. ही ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’. शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी. सोळाव्या शतकातील सहवासातून ती जन्मली आणि राज्यकर्ते गेल्यावरही येथील ख्रिस्ती कुटुंबांनी ती घरात जपली.

८/ तटाचा दगड ढासळला तर निदान छायाचित्र उरते. भाषा मात्र मुलांच्या तोंडून गेली, की तिचा अवशेषही दिसत नाही. कोर्लईच्या मुलांचे शिक्षण मराठीतून होते, बाजार आणि नोकरीही मराठीतच. म्हणजे येथे दुर्बळ भाषेसमोर उभी असलेली प्रबळ भाषा आपली आहे. इंग्रजीपुढे मराठीचे काय होईल, याची चिंता करणाऱ्या आपल्याला हे विशेष उमगायला हवे.

९/ म्हणून कोर्लईला जाल तेव्हा गड चढण्याआधी गावातून सावकाश जा. ‘ही कसली मोडकी पोर्तुगीज?’ असे मात्र विचारू नका. ती मोडकी नाही. या किनाऱ्यावर पाच शतके टिकलेली ती एक पूर्ण भाषा आहे, आणि तिच्या वाक्यरचनेत आपलीही मराठी नांदते आहे.