एका डोळ्याचा वेताळ

रद्दी देताना माझं लक्ष काट्यावर असतं. वाशी मार्केटात, कांदा-बटाट्याला, एका गाळ्यावर मी तीस वर्षं मेहताजी आहे. वजन कुठं खाल्लं जातं हे मला न बघताही कळतं. जुईनगरला आमच्या बिल्डिंगपासून दोन वळणं सोडून रद्दीचं दुकान आहे. मार्च संपता संपता पेपरांचा गठ्ठा घेऊन तिथं गेलो, तर माझ्या आधी कुणीतरी घर रिकामं करून गेलेलं. दहावीची गाइडं, दिवाळी अंक, उरलेल्या लग्नपत्रिका, आणि त्या सगळ्यावर आडवा पडलेला एक जांभळा माणूस. तोंडावर मुखवटा, बोटात कवटीची अंगठी.

"वेताळ!" मी मोठ्यानं म्हणालो, आणि तिथंच चुकलो. ओळख दाखवली की भाव चढतो, हे मी रोज बाजारात बघतो.

"ते किलोवर नाय जात, शेठ. नगावर." एका नगाचे साठ. मी मनात हिशेब केला. एक नग पन्नास ग्रॅमचा धरला तर किलोला बाराशे झाले. लसणाचा भाव मी कडाडलेला पाहिलाय, पण इतका नाही. घासाघीस करून सहा नग अडीचशेला घेतले: मराठी इंद्रजाल कॉमिक्स तीन, अमर चित्र कथा दोन, एक टिंकल. घरी येईपर्यंत पिशवी काखेत धरली होती, जणू कुणी मागून येऊन हिसकावणार होतं.

यामागे एका गोणीची गोष्ट आहे.

माझे वडील माथाडी. पाटण तालुक्यातून आलेले. मशीद बंदरला आमच्या एका खोलीत आम्ही चौघं आणि वर गाववाले पाच-सहा जण. जिन्याखाली एक माणूस दोरीला चिमटे लावून कॉमिक्स टांगायचा आणि दहा पैशांत दिवसभर वाचायला द्यायचा. त्याच्याकडची फाटायला आलेली तो पुढं स्वस्तात विकायचा, ती मी जमवली. वेताळ होता, मॅन्ड्रेक होता, आणि १९७६ नंतर बहादूर आला. भगवा कुर्ता, खाली जीन्स, आणि डाकूंच्या मागावर फिरणारा. वेताळ आणि मॅन्ड्रेक दोघंही ली फॉक नावाच्या अमेरिकन माणसाचे, मॅन्ड्रेक १९३४ चा आणि वेताळ १९३६ चा, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. वेताळ जंगलात राहत होता आणि मराठी बोलत होता. त्याला अमेरिका कशाला लागते?

१९८१ साली कांदा-बटाट्याचा बाजार मुंबईतून उठून वाशीला आला. पाठोपाठ आम्हीही. रेल्वे यायला अजून अकरा वर्षं होती. बाजाराच्याच टेम्पोत सामान भरलं, आणि माझी सगळी कॉमिक्स आईनं एका बारदानात घालून सुतळीनं तोंड शिवून दिली. गोणी ती गोणीच. खाडीपुलावरून टेम्पो आला, माल उतरला, आणि त्यात माझी गोणी कुठल्या तरी गाळ्यावर कांद्याच्या थप्पीला लागली. वडिलांनी दोन दिवस शोधली. मग म्हणाले, "कुणाच्या तरी मालात गेली." मी अकरा वर्षांचा होतो. महिनाभर मला वाटायचं, नाशिकच्या कुणातरी शेतकऱ्याच्या नावावर माझा वेताळ विकला गेला असणार आणि वजावट जाऊन त्याला पट्टीही मिळाली असणार.

त्यानंतर मी कॉमिक्स हातात धरलं नाही. ठरवून नव्हे. इंद्रजाल १९६४ ला सुरू होऊन १९९० ला बंद पडलं, तेही मला कळलं नाही. तेव्हा मी नुकताच गाळ्यावर चिकटलो होतो.

तर ती सहा पुस्तकं घेऊन रविवारी दुपारी गॅलरीत बसलो. पहिलं इंद्रजाल सात मिनिटांत संपलं. घड्याळ लावलं नव्हतं, पण समोरून एक ठाण्याची गाडी गेली आणि पुढची यायच्या आत शेवटचं पान उलटलं होतं. दुसरं सहा मिनिटांत. तिसरं अर्ध्यात ठेवलं. लहानपणी एकेक कॉमिक्स अख्खी दुपार पुरायचं. मला वाटलं, वय झालं. पोरकट आहे सगळं. अडीचशे रुपये गेले. पिशवी माळ्यावर टाकली.

काय बिघडलं होतं ते तेव्हा लक्षात आलं नाही. माझी नजर फक्त फुगे वाचत होती. एका फुग्यातून दुसऱ्यात, वरून खाली. तीस वर्षं तिला हिशेबपट्टीचं वळण आहे: गोणी किती, वजन किती, भाव काय, त्यातून हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं, आणि तळाला निव्वळ रक्कम. कॉमिक्सच्याही प्रत्येक पानाच्या तळाशी मी निव्वळ रक्कम शोधत होतो.

जूनमध्ये डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. साखर आहे, त्यामुळे लवकर पिकला. भिंग लांबचं हवं की जवळचं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी लांबचं म्हटलं. गेटवर आलेल्या ट्रकचा नंबर गाळ्यातून दिसावा म्हणून. मेहताजीनं खरं तर जवळचं मागायला हवं होतं. जवळच्या चष्म्याचा नंबर महिन्यानं, तोवर जुना चष्मा लावायचा नाही. लावला तर डोकं गरगरायचं. उजव्या डोळ्यातही पडदा होताच, त्यानं अक्षरं म्हणजे साखरेवरच्या मुंग्या. कांद्याचं टरफल डोळ्यात जायला नको म्हणून बाजारही बंद.

पहिले दोन दिवस मजेत गेले. गॅलरीत बसलो की पनवेलकडे जाणाऱ्या गाडीच्या कपाळावरची अक्षरं दिसायची, पलीकडच्या रेल्वे कॉलनीतल्या दोरीवरचे कपडे मोजता यायचे. तिसऱ्या दिवशी कंटाळा आला. पेपर नाही, मोबाइल नाही, टीव्हीवर सगळे ओरडत होते. बायकोनं माळा आवरताना ती पिशवी काढली, पुस्तकं ओल्या फडक्यानं पुसली, गॅलरीत पापडांशेजारी उन्हात ठेवली आणि म्हणाली, "अहो, ही तरी बघा. धूळ काढलीय."

मी एक उचललं. हात लांब करून धरलं. फुग्यांत राखाडी धूर होता, एक अक्षर लागत नव्हतं. पण चित्र दिसत होतं. आणि रंग! उजवा डोळा मिटला की वेताळ जांभळा, बाजारात पहाटे उतरलेल्या वांग्यासारखा, देठाजवळ चकाकणारा. डावा मिटून उजव्यानं पाहिलं की तोच वेताळ तपकिरी, भरीत करायला भाजलेल्या वांग्यासारखा. डोळ्यातलं पिकलेलं भिंग पिवळट होतं आणि निळा रंग अडवून धरतं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. मी अर्धा तास एक डोळा उघड, एक मीट, असं करत बसलो. बायकोला वाटलं, टाका दुखतोय. या ऑपरेशनात टाका नसतो, पण ते तिला पटत नाही.

मग मला तात्या आठवला.

तात्या आमच्या खोलीतला गाववाला. सही म्हणून अंगठा. रात्री बाजारातून आला की आंघोळ करून माझ्याशेजारी बसायचा आणि म्हणायचा, "दाव." मी भराभरा वाचायचो, मोठ्यानं, शाळेत पहिल्या ओळीत बसणाऱ्या पोरासारखा. पान उलटायला गेलो की त्याचा अंगठा पानावर यायचा. हुकानं आणि बारदानानं रापलेला, नख मधोमध चिरलेलं, त्या चिरेत कायमची काळी रेघ. "थांब की रं. माझं अजून झालं न्हाई." मला राग यायचा. वाचून तर झालं, आता याचं काय व्हायचं राहिलं? आणि तो बोट ठेवून सांगायचा: हा दाराआड उभा हाय त्येची सावली बघ, हातात कायतरी हाय. पुढच्या पानावर त्या सावलीतून चाकू निघायचा. मला वाटायचं, तात्यानं आधी कुणाकडून तरी ऐकलंय.

आता माझी अवस्था तात्याची. एक पान दहा-पंधरा मिनिटं पुरायला लागलं. एका चौकटीत गुंड टेबलाशी बसलेला, पुढच्यात तोच, पण खिडकी उघडी. मार्चमध्ये मी त्या खिडकीवरून धावत गेलो होतो. लाल रंग कुठंकुठं रेषेतून घसरलेला, एका बाईच्या ओठांचा लाल हनुवटीवर आलेला, छापताना कागद सरकला असणार. वेताळाच्या मुखवट्याला डोळ्यांच्या जागी नुसती पांढरी भोकं आहेत, बुबुळं नाहीत, हे जन्मभर पाहूनही मला दिसलं नव्हतं. टिंकलमधल्या शिकारी शंभूचे डोळे तर टोपीखालीच. त्या महिन्यात घरात धड डोळे नसलेले आम्ही तिघं होतो.

एका वेताळाचं मुखपृष्ठ आणि पहिली दोन पानं गायब होती. होडीत बसलेला म्हातारा, त्याच्या मांडीवर पेटी, किनाऱ्यावर हात वर केलेला माणूस. फुगे वाचता येत नाहीत म्हटल्यावर मीच गोष्ट जुळवली. म्हातारा म्हणजे कोयनेकाठचा, धरणात शेत गेलेला. पेटीत जमिनीचे कागद. किनाऱ्यावरचा त्याचा धाकटा भाऊ, वाटणीवरून भांडलेला. मी एकटाच हसतोय हे पाहून बायको आली. तिला सांगितलं. तिनं भजीच्या पिठाचे हात तसेच ठेवून विचारलं, "मग पेटी भावानं नेली का?" रोज संध्याकाळी, डोळ्यात थेंब घालून झाले की, दोन पानं. वेताळ या प्रकरणात कसा आला हे जमवताना फार त्रास झाला. शेवटी त्याला पुनर्वसन खात्याचा माणूस केला. तिला ते मान्य झालं, मुखवटा मात्र खटकला.

पुण्याला असलेल्या मुलीला हे कळलं. तिनं फोनवर एकेक पान दाखवायला लावलं आणि कोण काय ते वाचून सांगितलं. 'कृष्ण' हे राम वाईरकरांचं, दुसऱ्या अमर चित्र कथेची चित्रं प्रताप मुळीकांची, शंभू वसंत हळबेंचा. बहादूर लिहिला आबिद सुरतींनी, काढला गोविंद ब्राह्मणियांनी. वाईरकर, मुळीक, हळबे! लहानपणी आम्हांला वाटायचं, ही चित्रं छापखान्यातच उगवतात. आणि ही आडनावं तर आपल्या पलीकडच्या गल्लीतली. मुळीकांनीच पुढं हिंदीतला नागराज काढला. टिंकलमधल्या सुप्पंडीची चित्रंही वाईरकरांची. अमर चित्र कथा १९६७ ला काढणारे अनंत पै त्याआधी टाइम्समध्ये इंद्रजालच्याच कामात होते. आणि आबिद सुरती मीरा रोडला २००७ पासून रविवारी प्लंबर घेऊन लोकांचे गळके नळ फुकट दुरुस्त करत फिरले. हे ऐकून मी तिला पुन्हा वाचायला लावलं. डाकूंच्या मुलखातला बहादूर ज्याच्या डोक्यातून निघाला, तो माणूस वायसर बदलत हिंडला!

इतक्या वर्षांत मी पाटीवरची, पावतीवरची, बिलावरची नावं वाचली आणि या माणसांची राहिली. हिशेबात एवढी मोठी रक्कम राहिली असती तर मालकानं मला ठेवलं नसतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चष्मा आला. त्या संध्याकाळी बायको भाजी निवडायला घेऊन समोर बसली. म्हणाली, "आता खरं काय लिहिलंय ते वाचा." मी होडीचं पान काढलं. फुगे स्वच्छ दिसत होते, काळे, टोकदार. म्हातारा म्हातारा नव्हताच, दाढी लावलेला चाच्यांचा म्होरक्या होता. पेटीत मोती. किनाऱ्यावरचा माणूस भाऊ नव्हे, पहारेकरी; तो हाक मारत नव्हता, बंदूक टाकून शरण येत होता. मी शेवटपर्यंत वाचलं. आठ मिनिटं लागली असतील. नजर पुन्हा फुग्यांतून फुग्यांत उतरत गेली. दोनदा मीच अंगठा पानावर ठेवून तिला थांबवलं.

बायकोनं मेथीची जुडी खाली ठेवली. कोयनेचं काही नाही, धरणाचं काही नाही, हे तिला फारसं रुचलं नव्हतं.

सोमवारी गाळ्यावर जाण्याआधी रद्दीवाल्याकडे वळलो. त्याच्याकडे अजून नऊ नग आले होते. या वेळी मी ओळख दाखवली नाही, उलट म्हणालो, पोरांची पुस्तकं ही, घेतो कोण! तो हसला. चाळीसला सौदा झाला. घरी आणून एकही उघडलं नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून, वर पेननं मोठ्या अक्षरात 'कांदा नाही' असं लिहून माळ्यावर ठेवलं.

"वाचत का नाही?" बायकोनं विचारलं.

"ठेवलीत."

तिनं जरा वेळ गठ्ठ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "उजव्या डोळ्याचं कधी म्हणाले डॉक्टर? दिवाळीच्या आत घ्या करून."