क्रोशाच्या रुमालाची किंमत किती?

तुमच्या घरात क्रोशाचा एखादा तरी रुमाल नक्की असेल. टीव्हीखाली अंथरलेला, फ्रीजवर टाकलेला, नाहीतर आजीच्या ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या वासात घडी घालून ठेवलेला. तो कुणी केला हे कदाचित तुम्हाला माहीत असेल. पण तो करायला किती तास लागले, हे कधी कुणाला विचारलंय का?

आमच्या कराडच्या घरात अशा वस्तूंची मोजदादच नव्हती. दारावरचं तोरण, तांब्यावर टाकायचं मणी लावलेलं झाकण, रेडिओचं कव्हर, बाळांची टोपडी. सगळं आजीच्या हातचं. दुपारची भांडी झाली की ती मागच्या उंबऱ्याशी सुई घेऊन बसायची. आमच्या नात्यात लग्न ठरलं की रुखवतासाठी तोरण आजीकडूनच यायचं, हे न सांगता ठरलेलं असायचं. तरी ‘आजी काय करते?’ असं कुणी विचारलं, तर घरातल्या सगळ्यांचं उत्तर एकच: ‘काही नाही, घरीच असते.’

मी पंचवीस वर्षांची. हैदराबादला कंटेंट रायटर आहे. माझ्या कामाचा शब्द न् शब्द मोजला जातो, रोज टाइमशीट भरावी लागते. संध्याकाळी मात्र स्क्रीन बंद करून मी सुई हातात घेते. साखळी आणि खांब आजीनंच शिकवले होते, शाळेच्या सुट्टीत.

क्रोशाची गंमत अशी, की लागते फक्त एक सुई आणि धागा. दोन सुयांच्या विणकामात टाक्यांची अख्खी रांग सुईवर असते. इथे बहुतेक वेळा सुईवर एकच फास असतो. त्यामुळे मेट्रोत स्टेशन आलं की काम तसंच पिशवीत टाकता येतं. आणि नमुना जमला नाही तर एक टोक ओढा, सगळं उसवतं. धागा परत तुमच्या हातात.

माझी रूममेट पश्चिम गोदावरी जिल्ह्यातली. पहिल्या दिवशी माझ्या हातातली सुई बघून ती म्हणाली, ‘अरे, लेसु!’ तिच्या गावाकडे घरोघरी बायका हेच काम करतात, पण मजुरीवर. नरसापूरची क्रोशाची लेस प्रसिद्ध आहे, 2024 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. स्कॉटलंडहून आलेल्या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात ही कला तिथं नेली. आज तिथले टेबलक्लॉथ आणि पडदे परदेशात जातात.

रूममेटची आजीही लेस विणायची. व्यापाऱ्याचा माणूस धागा देऊन जायचा, तयार माल घेऊन जायचा, नगाप्रमाणे पैसे द्यायचा. ‘आणि घरातले काय म्हणायचे माहितीये?’ ती म्हणाली. ‘आजी रिकाम्या वेळात विणते.’

मला एकदम आमचा कराडचा उंबरा आठवला.

नंतर कळलं, की यावर पुस्तकच आहे. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर लिहिलेलं पुस्तक 1982 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांचं म्हणणं साधं आहे. या बायका दिवसाचे कित्येक तास जगाच्या बाजारासाठी राबतात, पण त्यांना कामगार म्हणत नाहीत, गृहिणी म्हणतात. काम घरात बसून होतं, म्हणून तो ‘फावला वेळ’ ठरतो. आणि फावल्या वेळाची मजुरी कमीच असते.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. स्वेटर विणायला यंत्रं आहेत, पण खरं क्रोशाकाम अजूनही हातानंच होतं. यंत्रावर होते ती त्याच्यासारखी दिसणारी जाळी. म्हणजे सेलमध्ये क्रोशाचा खराखुरा टॉप अगदी स्वस्तात दिसला, तर तोसुद्धा कुठल्यातरी बाईनं टाका टाका मोजून विणलेला आहे. स्वस्त झाला आहे तो तिचा वेळ.

गेल्या वर्षी मी मावसबहिणीच्या बाळासाठी ब्लँकेट केलं. बारशाला आलेल्या एका काकूंना ते फार आवडलं. ‘मलाही एक करून दे ना, पाचशे देते. तुझा टाइमपासही होईल.’ त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण माझा टाइमशीटचा हात थांबेना. धागा 850 रुपयांचा, वेळ 36 तास. तासाला शंभर रुपये धरले तरी 3600, म्हणजे एकूण 4450 रुपये. मी हसतच हिशोब सांगितला. काकू आधी गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘अगं, मग माझ्या आईनं तर लाखोंचं काम केलं की!’

तेव्हापासून मी एक पद्धत ठेवली आहे. विकायचं नाही, भेट द्यायचं. पण प्रत्येक भेटीला छोटी चिठ्ठी बांधायची: ‘सुती धागा, 36 तास, हातानं धुवा.’ किंमत नाही, तास. राखी असो, संक्रांतीचं वाण असो, नाहीतर ऑफिसातल्या मैत्रिणीचा वाढदिवस. चिठ्ठी वाचून माणसं ती वस्तू वेगळ्या हातांनी धरतात, हे मी पाहिलंय. विकायचं असेल त्यांनी मात्र धाग्याच्या किमतीत तास मिळवल्याशिवाय भाव सांगू नये.

तुम्हालाही सुरुवात करायची असेल तर एकदम ब्लँकेट घेऊ नका. 4 मिलिमीटरची सुई आणि फिक्या रंगाचा मध्यम जाडीचा सुती धागा घ्या. गडद रंगात टाके दिसत नाहीत. आधी कपाखाली ठेवायची चकती करा. एका संध्याकाळी होते, आणि वाकडी झाली तरी चहा सांडत नाही. मग तोरण, मग पिशवी. बाळासाठी करताना मऊ सुती धागा वापरा, नमुना घट्ट ठेवा म्हणजे इवलीशी बोटं जाळीत अडकणार नाहीत. खेळण्याला बटणाचे डोळे लावू नका, धाग्यानंच भरा. बटण निघून तोंडात जाऊ शकतं.

मागच्या दिवाळीत मी आजीला विचारलं, ‘तोरणाला किती वेळ लागायचा गं?’ तिला प्रश्नच नवीन होता. बोटांवर मोजत म्हणाली, ‘रोज दुपारचे दोन तास धर. वीसेक दिवस तरी.’ म्हणजे एका तोरणाला चाळीस तास. माझ्या ऑफिसचा जवळजवळ एक आख्खा आठवडा. मी तिला तसं सांगितलं. तिनं चष्मा वर केला आणि आईला हाक मारली, ‘ऐकलंस का गं? मी नोकरी करत होते म्हणे!’

आम्ही तिघीही हसलो. पण त्या संध्याकाळी आजीनं ट्रंक उघडली, एकेक रुमाल बाहेर काढला आणि कुठला कुणाच्या लग्नातला, कुठला कुणाच्या बारशाचा, किती दिवसांचा, हे सांगत बसली. मी वहीत लिहून घेतलं. सतरा वस्तू झाल्या, अजून बऱ्याच बाकी आहेत.

तुमच्या घरातला रुमाल ज्यांनी विणला त्या अजून असतील, तर तुम्हीही विचारा. उत्तर लिहून ठेवा आणि रुमालाच्या घडीत ठेवून द्या.