भोपाळचा दूधराज

मध्य प्रदेश शासनाने ज्यास राज्यपक्ष्याचा मान दिला आहे, त्या दूधराजाविषयी भोपाळमध्ये मी ज्यांना विचारले, त्यांतील बहुतेकांनी तो चित्रातच पाहिला होता. वस्तुतः हा पक्षी शहराच्या उंबरठ्याशीच राहतो.

भोपाळ हे तळ्यांचे शहर. बडा तालाब अकराव्या शतकात राजा भोजाने बांध घालून निर्मिला, असे सांगतात. २००२ साली या जलाशयास छोट्या तालाबासह आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. दक्षिण काठावर वनविहार आहे. १९८३ पासून ते राष्ट्रीय उद्यान गणले जाते. प्रवासी काठावर उभा राहून पाण्याकडे पाहतो आणि परततो. दूधराज मात्र उघड्या पाण्यावर दिसावयाचा नाही. त्यास हवी असते ओढ्यावरील गर्द सावली, वेळूची बेटे, आणि तेथे घोंघावणारे किडे-माशा.

आपल्याकडे त्यास स्वर्गीय नर्तक म्हणतात. १७५८ साली स्वीडनच्या लिनेअस या शास्त्रज्ञाने त्याचे नाव 'पॅरडिसी', म्हणजे नंदनवनातला, असे ठेविले. आणि गंमत ही, की त्यास कावळ्यांच्या पंक्तीस बसविले! पुढील विद्वानांनी त्याची रवानगी माशीमारांत केली. आता आनुवंशिक तपासणीअंती तो माशीमारांपेक्षा कोतवालाचा व कावळ्याचाच जवळचा आप्त ठरला आहे. दक्षिण अमेरिकेच्या दलदलीच्या वनांतले माशा टिपणारे पक्षी तर आणखीच निराळ्या घराण्यातले. धंदा एक, गोत्र वेगळे. 'पॅरडाइस' या शब्दाचे मूळ प्राचीन इराणी भाषेत असून त्याचा अर्थ भिंतीने वेढलेली बाग असा आहे. या पक्ष्याच्या बागेस भिंत नाही, हेच त्याचे दुर्दैव.

केरव्याच्या बाजूस एका कोरड्या नाल्यावर, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, मे महिन्यात मी त्याचे घरटे पाहिले. बारीक गवत व तंतू यांची लहानशी वाटी, बाहेरून कोळ्याच्या जाळ्याने लिंपलेली, फांदीच्या बेचक्यात बसविलेली. आत नर बसला होता! काळेभोर तुरेदार मस्तक, दुधासारखे अंग, आणि शरीराहून लांब अशा शेपटीच्या दोन फिती घरट्याबाहेर लोंबत होत्या. मादी तांबूस व आखूड शेपटीची. तरुण नरही तांबूसच असतो, आणि कित्येक नर पुढे पांढरे होतात. अंडी तीन-चार, सुमारे पंधरवडाभर दोघेही आळीपाळीने ती उबवितात. राजवस्त्रे अंगावर आहेत म्हणून नर या कामातून सुटत नाही. कधी कधी हे जोडपे कोतवालाच्या शेजारी घर करते. तो शूर शेजारी कावळ्यांस पिटाळून लावतो, त्याचा लाभ यांस आपोआप मिळतो.

पण कॅमेरा घेऊन येणाऱ्या माणसास कोतवाल काय करणार? चित्र स्वच्छ यावे म्हणून काही हौशी लोक घरट्यापुढची पाने तोडतात. ऊन आणि कावळ्याची नजर अडविण्यास तीच पाने असतात. पडदा गेला, की पिले उन्हात होरपळतात किंवा आईबाप घर सोडून जातात. काही पक्षिप्रेमी मंडळांनी घरट्यांची छायाचित्रे स्वीकारणे म्हणूनच बंद केले आहे, व ते मला योग्य वाटते. दुसरे संकट अधिक साधे आहे. नाल्यांतील झाडोरा आपण पावसापूर्वी, म्हणजे नेमका मे-जूनमध्ये तोडतो. शहरात तसे, आपल्या गावांतही तसेच. कोयता चालविणाऱ्यास वर काय बसले आहे याची कल्पनाही नसते.

वाचकहो, पिले दहा-बारा दिवसांत उडू लागतात. पावसाळा सरला, की उत्तरेकडचे पुष्कळ दूधराज दक्षिणेची वाट धरतात, आणि हिवाळ्यात मुंबई-ठाण्याच्या रानांतही दिसतात. आपल्या वाडीत विहिरीजवळ दाट सावली असेल, तर सकाळी तिकडे पाहावे. आंब्याच्या काळोखात पांढरी फीत हललेली लगेच ध्यानात येते.