सुई, लोकर आणि सात हर्फ

आमच्या घरांत बाईला बसायची परवानगी दोनदाच मिळते. एकदा बाळंतपणात आणि एकदा हाड मोडल्यावर. पहिली बैठक चाळीस दिवसांची, दुसरी डॉक्टर सांगतील तेवढी. एरवी बसलेली बाई दिसली की घरातल्या कुणाला तरी पाणी, चहा नाहीतर टॉवेल हमखास आठवतो.

गेल्या पावसाळ्यात ओल्या जिन्यावर पाय घसरला आणि आमच्या उजव्या घोट्याचं बाहेरचं हाड मोडलं. इथं 'आम्ही' म्हणजे एकच बाई. घरी उर्दू बोलताना स्वतःला 'हम' म्हणायची सवय, तीच मराठी लिहितानाही सुटत नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

सहा आठवडे प्लास्टर. पाय जमिनीला टेकवायचा नाही, उशीवर उंच ठेवायचा आणि प्लास्टरबाहेरची बोटं सारखी हलवत राहायची. शाळेत रजेचा अर्ज गेला. वुजूच्या वेळी प्लास्टरवर ओला हात फिरवायचा आणि नमाज खुर्चीवर बसून पढायची. मोहल्ल्यातून पायाचा शोरबा येऊ लागला. हाडाला हाडच जोडतं, असा सगळ्यांचा पक्का विश्वास. डॉक्टरांनी मात्र कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. आम्ही दोन्ही घेतलं.

आठवड्याभरात अम्मींनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, पेटी उघडली. "बैठे-बैठे हात खाली कायकू रखना?" असं म्हणत त्यांनी जुने कपडे बाहेर काढले. मरहूम अब्बांच्या लुंग्या, आमच्या विरलेल्या ओढण्या, मुलांचे आखूड झालेले गणवेश. गोधडी शिवायची ठरली. खाली एक जुनी साडी अंथरायची, वर कपडे उसवून सपाट लावायचे, खड्डा राहील तिथं तुकडा भरायचा, वरून दुसरी साडी आणि कोपऱ्यांवर तांबे ठेवून कच्चे टाके घालायचे. हे सगळं अम्मींनी फरशीवर एकटीनं केलं. मग गोधडीची एक कड दिवाणावर आमच्या मांडीत आली आणि दुसरी कड त्यांच्याकडे. बोटात अंगुस्ताना घालून दोघी दोन बाजूंनी धावदोरा घालू लागलो. कडेनं सुरुवात करायची आणि फेऱ्या घेत घेत मध्यापर्यंत जायचं, ही अम्मींची रीत. पुढं आमच्या वाचनात आलं की कर्नाटकातल्या यल्लापूर, हल्याळ भागातल्या सिद्दी बायका 'कवंदी' नावाची गोधडी अशीच कडेकडून आत शिवत नेतात. तिच्या चार कोपऱ्यांना कापडाची घडी घातलेलं फूल लावतात. फूल नसलेली कवंदी त्यांना उघडी वाटते. अम्मींना हे सांगितलं तेव्हा त्यांनीही आमच्या गोधडीच्या कोपऱ्यांना लुंगीच्या कापडाची चार फुलं लावली.

विणकाम आमच्या एका सहकारी बाईंनी आणून दिलं. त्यांच्या लेकीला दिवस गेले होते आणि बाळाला टोपी हवी होती. 10 नंबरच्या सुया, बारीक लोकर, 72 टाके, दोन सुलट, दोन उलट. एक ओळ झाली की पायाची बोटं दहा वेळा हलवायची, असा आम्ही व्यायामाचा हिशेब बसवला. नक्षीचा चौकोनी आलेख वाचताना गंमत कळली. सुईवरचं काम उजवीकडून डावीकडे जातं, म्हणून आलेखाची सुलट बाजूची ओळ उजवीकडून वाचायची. मग काम उलटायचं आणि उलट बाजूची ओळ डावीकडून वाचायची. एक ओळ उर्दूसारखी, एक मराठीसारखी. उर्दू शाळेत शिकून उर्दू शाळेतच शिकवणाऱ्या आणि घराबाहेर पडताच मराठी बोलणाऱ्या आम्हांला ही वहिवाट नवी नव्हती.

तिसरं काम वाचनाचं. इथं मात्र एक गोष्ट लक्षात येऊ लागली. भेटायला आलेल्या बाईनं हातात सुई पाहिली तर ती म्हणायची, "वा, दुखण्यातही काम चालू आहे." हातात किताब पाहिली तर म्हणायची, "आराम चाललाय म्हणायचा." सुईला घरात इज्जत आहे, कारण तिच्यातून गोधडी निघते, टोपी निघते. वाचलेल्या पानातून निघालेली गोष्ट अंगावर पांघरता येत नाही. पुरुष पेपर वाचत बसला तर घर आवाज कमी करतं. बाई वाचत बसली तर तिला हाक मारतं.

आम्ही यावर साधा उपाय काढला. अम्मी शिवत असताना आम्ही मोठ्यानं वाचायला लागलो. शिवणाऱ्या बाईचे कान रिकामेच असतात. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचलं. मराठी वाक्य वाचायचं आणि अडेल तिथं दखनीत सांगायचं. लक्ष्मीबाई लग्नानंतर घरात लिहायला-वाचायला शिकल्या, हे ऐकून अम्मींनी दोरा तोडता तोडता विचारलं, "शादी के बाद?" मग इस्मत चुगताईंची 'चौथी का जोडा' वाचली. इस्मत आपा आमच्याच पेशातल्या. अध्यापनाची पदवी घेतलेल्या, मुख्याध्यापिका झालेल्या, पुढं मुंबईत शाळांच्या निरीक्षिका. त्या कथेतली आई कापड बेतण्यात इतकी हुशार की मोहल्ला तिच्याकडे धाव घेतो. लेकीच्या लग्नाचे कपडे शिवायची आस धरलेल्या त्या आईला शेवटी लेकीचं कफन बेतावं लागतं. वाचून झाल्यावर अम्मींची सुई बराच वेळ कापडात तशीच राहिली. त्या दुपारी शेजारच्या दोघी येऊन बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या आपापलं शिवण घेऊन आल्या.

प्लास्टरच्या चौथ्या आठवड्यात कपडा कमी पडला म्हणून पेटी पुन्हा उघडली. तळाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात अब्बांची पत्रं. अब्बा 1980 नंतरची काही वर्षं जेद्दाहला नोकरीला होते. पत्र उर्दूत यायचं आणि शेजारचा एखादा शाळकरी पोरगा अम्मींना ते वाचून दाखवायचा. अम्मी कुराण शरीफ रोज पढतात, पण उर्दू वाचायला त्या शिकल्या नव्हत्या. डबा हातात धरून त्या म्हणाल्या, "अब कौन पढ के सुनाएगा?" आम्ही वाचून दाखवतो म्हणालो. त्यांनी मान हलवली. "नक्को. मेरेकू सिखा."

बी.एड. केलेल्या बाईला याहून चांगली विद्यार्थिनी कुठून मिळणार? अरबीचे 28 हर्फ त्यांना येतच होते. उर्दूत वर सात: पे, टे, चे, डे, ड़े, झे आणि गाफ. शिवाय नून-गुन्ना, दो-चश्मी हे आणि बडी ये. हे चार दिवसांत झालं. खरी अडचण पुढं होती. कुराण शरीफच्या छपाईत प्रत्येक हर्फावर जेर, जबर, पेश असतात. उर्दूत ते लिहीतच नाहीत, शब्द ओळखीनं वाचावा लागतो. अम्मी 'शकर'पाशी अडायच्या, 'शहर'पाशी अडायच्या. पहिलीतल्या मुलांना शिकवतो तसं आम्ही त्यांच्या रोजच्या बोलण्यातले शब्द मोठ्या अक्षरांत लिहून दिले: दूध, चूल, धागा, सुई. दिवसाला दहा शब्द. शिवण चालू, मुखोद्गत करणं चालू.

सातव्या आठवड्यात प्लास्टर निघालं. पोटरी हडकली होती, कातडी कोरडी पडली होती. टॉवेल पायात अडकवून ओढायचा व्यायाम, मग वॉकर, मग काठी. त्याच दिवसांत एका दुपारी अम्मींनी डबा उघडला आणि चष्मा लावून पहिलं पत्र हातात घेतलं. बोट ठेवत ठेवत पहिली ओळ लावली. मग थांबल्या.

"इसमें मेरा नाम लिखे हैं," त्या म्हणाल्या.

आम्हांला आधी कळलं नाही. मग त्यांनीच सांगितलं. अब्बांनी उभ्या आयुष्यात त्यांना नावानं हाक मारली नव्हती, थोरल्या मुलाची अम्मी म्हणूनच बोलवायचे. पत्रात मात्र प्रत्येक वेळी नाव लिहिलं होतं. वाचणारी पोरं अदबीनं त्या जागी 'चाची' म्हणायची. पुढची पत्रं त्यांनी मनातल्या मनात वाचली, एकेका पत्राला दोन-दोन दिवस घेऊन. आम्ही काही विचारलं नाही.

अडीच महिन्यांनी आम्ही शाळेत रुजू झालो. टोपी बाळाच्या डोक्यावर गेली, गोधडी मध्यापर्यंत पोचून पुरी झाली. घोटा अजून पावसात ठणकतो. असरनंतर अम्मी ओट्यावर उर्दू पेपर घेऊन बसतात, मोठ्या मथळ्यांपासून सुरुवात करतात. येणारी-जाणारी विचारते, काय चाललंय? त्या सांगतात, वाचतेय. तेव्हा त्यांच्या हातात सुई नसते.