पेशंट व्हायची नोकरी

ओहायो,
रविवार रात्र

ती. आई,

शेजारच्या काकूंना तू सांगितलंस म्हणे, की धाकटी अमेरिकेत प्रोफेसर झाली. दादाने फोनवर हसत हसत सांगितलं. आधी ते निस्तर. मी प्रोफेसरबिफेसर कोणी नाही, विद्यार्थिनीच आहे. फिजिकल थेरपीच्या तीन वर्षांच्या डॉक्टरेटचं माझं दुसरं वर्ष चालू आहे आणि पहिल्या वर्षाच्या पोरांच्या प्रॅक्टिकलला मी मदतनीस असते. इथे टीए म्हणतात. पैसे तासावर. सत्र चालू असताना आमच्या व्हिसावर आठवड्याला २० तासांच्या वर काम करता येत नाही, आणि मला त्याच्या निम्मंही मिळत नाही. किराणा निघतो, एवढंच.

‘मदतनीस म्हणजे नक्की काय करतेस?’ असं तू विचारलंस. तुला सांगणं सोपं आहे. आपल्या शाळेत शिक्षक दोन आणि वर्ग चार. तिसरी-चौथीला गणितं घालून दिलीस, की चौथीतल्या मला उठवून तू पहिलीच्या पोरांत बसवायचीस, त्यांची अक्षरं पाटीवर गिरवून घ्यायला. तेच काम आहे. फरक एवढाच, की इथे पाटीही मीच असते.

खरंच सांगते. स्नायू कुठून कुठे जातो ते पुस्तकात असतं, पण कातडीखाली तो चाचपून सापडायला जिवंत माणूस लागतो, आणि पहिल्या वर्षाच्या पोरांच्या हाती पेशंट कोण देणार? म्हणून ती एकमेकांवर शिकतात, आणि अडलं की माझ्यावर. दर सोमवारी दुपारी तीन तास मी टेबलावर उताणी पडलेली असते. हाफ पँट आणि बिनबाह्यांचा टी-शर्ट. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं. मी स्वतः पहिल्या वर्षाला होते तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण इथे हात लावण्याआधी प्रत्येक जण विचारतो, ‘इथे धरलं तर चालेल ना?’ जेवढं तपासायचं तेवढंच उघडं, बाकी सगळं चादरीखाली. हे विसरलं तर गुण कापतात. पुण्यात साडेचार वर्षं शिकले, इंटर्नशिपमध्ये किती गुडघे आणि किती कमरा हाताळल्या त्याची गणती नाही. त्यातल्या किती जणांना मी आधी विचारलं, ते मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

गेल्या महिन्यात गुडघा चालला होता. दादाचं कबड्डीत जे लिगामेंट तुटलं, त्याचीच तपासणी. पेशंटचा गुडघा वीस ते तीस अंश वाकवायचा, एका हाताने मांडी धरायची, दुसऱ्याने नडगी, आणि नडगी पुढे ओढायची. लिगामेंट शाबूत असेल तर ओढ एका जागी खटकन अडते. तुटलं असेल तर नडगी मऊपणे पुढे येतच राहते. एका मुलीचे हात अगदी लहान, माझी मांडी तिच्या पंजात मावेना. सर वरून म्हणाले, ‘जोर कमी पडतोय.’ तिने आणखी जोर लावला. अडचण जोराची नव्हतीच, पण ते कळत होतं फक्त टेबलावर पडलेल्या मला. तिची बोटं गार होती, धरताना चाचरत होती, आणि माझ्या मांडीमागचा स्नायू मला न विचारताच आवळून बसला होता. तो आवळला की नडगी जागची हलत नाही. मग लिगामेंट तुटलेला गुडघाही धडधाकट वाटतो. मी म्हटलं, हात चोळून गरम कर, तुझा स्वतःचा गुडघा माझ्या मांडीखाली सरकव आणि पायाचं सगळं ओझं त्यावर येऊ दे. पाय सैल पडला. तिने ओढलं, थांबली, पुन्हा ओढलं आणि माझ्याकडे बघितलं. जोडाक्षर पहिल्यांदा वाचता आलं की पोरं तुझ्याकडे बघायची ना, तसं.

सरांना हे दिसलं नाही यात त्यांचा दोष नाही, ते उभे होते. माझ्या मते टीएची सगळी किंमत त्या आडवं पडण्यातच आहे. पण त्या रात्री मला आपल्याकडचे पेशंट आठवत राहिले. माझ्या गार हातांखाली किती जणांचे पाय असे आवळले असतील, आणि मी केसपेपरवर बिनधास्त ‘नॉर्मल’ लिहून मोकळी झाले असेन.

(मधेच एक गंमत. एकाने विचारलं, तुमच्याकडे फिजिओथेरपी म्हणजे योगच ना? मी म्हटलं, नाही बाबा. तुमच्याकडे पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांमुळे हे काम उभं राहिलं, आमच्याकडे पोलिओमुळे. मुंबईत केईएमला १९५२ साली फिजिओथेरपीची शाळा निघाली ती त्याच पायी. बोलता बोलता तुझ्या वर्गातला कॅलिपरवाला मुलगा डोळ्यांपुढे आला. त्याला तू दाराशी बसवायचीस, मधल्या सुट्टीत गर्दीआधी बाहेर पडता यावं म्हणून.)

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

बुधवारी पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा झाली. मी व्हीलचेअरमधला पेशंट. वय ७२, अर्धांगवायू, डावी बाजू लुळी, आणि डाव्या बाजूचं भानच उरलेलं नाही. अशी माणसं ताटातला डावीकडचा भात तसाच ठेवून ‘जेवण झालं’ म्हणतात. विद्यार्थ्याने मला पलंगावर न्यायचं. कमरेला पट्टा बांधायचा, दोन्ही चाकांचे ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करायच्या, मग उठवायचं. ब्रेक राहिला तर बाकीचं कितीही सुरेख करा, नापास. नियम योग्यच आहे. खुर्ची मागे सरकली की म्हातारं माणूस थेट फरशीवर. खुब्याचं हाड मोडल्यावर घरात काय होतं, ते आपण आजीच्या वेळी पाहिलं आहे.

तीच लहान हातांची मुलगी आली. (नाव विचारू नकोस. इथे १९७४ पासून कायदा आहे, विद्यार्थ्याचा निकाल त्याच्या परवानगीशिवाय बाहेर सांगायचा नाही. गावात तू चावडीवर गुण वाचून दाखवायचीस, ते इथे सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही.) तिने परवानगी विचारली, पट्टा नीट बांधला, उजवा ब्रेक लावला आणि मला उठवायला वाकली. डावा ब्रेक तसाच. मी खाली डावीकडे बघितलं. अर्धा सेकंद असेल. तिने माझी नजर पकडली, ब्रेक लावला आणि पुढचं सगळं बिनचूक केलं. सरांच्या ध्यानात आलं नाही. ती पास.

रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मी जो म्हातारा झाले होते, त्याने डावीकडे कधीच बघितलं नसतं.

गुरुवारी सकाळी सरांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. येत्या मंगळवारी तिची पुन्हा परीक्षा, आणि खुर्चीत दुसरा टीए, एवढं म्हणाले. माझं काम गेलं नाही. शुक्रवारी ती जिन्यात दिसली, पण हसली नाही. ते बरोबरच आहे, पण मला लागलं.

तुझ्या गुडघ्याचं काय? मांडी घट्ट करून दहा आकडे मोजायचा व्यायाम दिला होता, तो टीव्हीसमोर बसूनसुद्धा होतो. सबब सांगू नकोस.

आणि एक. मी तिसरीत असताना विस्तार अधिकारी शाळेत आले होते. त्यांनी एका पोराला सतराचा पाढा म्हणायला सांगितला आणि तो मधेच अडकला. मी शेजारच्या रांगेत होते. तू साहेबांच्या मागे उभी होतीस आणि तुझे ओठ हलले, ते मला दिसलं होतं. पोरगं सुटलं, साहेबांनी शेऱ्यात ‘उत्तम’ लिहिलं. ते गेल्यावर तू त्या पोराला एकट्याला मागे थांबवून घेतलंस आणि दार लोटलंस. आत तू त्याला काय सांगितलंस, ते मला हवं आहे. फोनवर नको, लिहून पाठव.

तुझी,
धाकटी