पगाराऐवजी नदी

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि पेणला आमच्या मागच्या खोलीवरचे पत्रे उडाले. पाऊस थोडा उघडला तेव्हा पोटमाळ्यावरचं काय काय भिजलं ते बघायला मी वर चढलो. माझी लोखंडी पेटी शाबूत होती. तिच्यातलं सगळं काढून मी अंगणात मांडलं. पावसाळी जॅकेटं पाच, ट्रेकिंगच्या बुटांचे सात जोड, स्लीपिंग बॅगा दोन, चार हेडलॅम्प, पाण्यात चालणारी दोन घड्याळं आणि कंपनीची नावं छापलेले टी-शर्ट इतके, की ते मी मोजलेच नाहीत. राफ्टिंगच्या धंद्यातली माझी नऊ वर्षं त्या अंगणात पडली होती. बँकेत त्या दिवशी तीन हजार रुपयेसुद्धा नव्हते. लॉकडाऊनमुळे मार्चपासून नदीवर एकही राफ्ट उतरली नव्हती.

बाबा दारात उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, "यात पत्रे किती येतील?"

मला उत्तर देता आलं नाही. बाबा माझ्यावर चिडलेले नव्हते, त्यांना खरोखरच हिशेब हवा होता.

हा हिशेब मी कधीच का केला नाही, ते सांगायचं तर आधी या कामात मिळतं काय ते सांगायला हवं. ते थोडं नाही. मी २०११ मध्ये बी.कॉम. होऊन कोलाडला गेलो. त्याच आठवड्यात धाटावच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये जागा मिळत होती. पगार ठरलेला, भविष्यनिर्वाह निधी कापला जाणार, पाळीची बस पेणहून. मी एक दिवस जाऊन बघून आलो. गोदामात खिडकी नव्हती. दुसऱ्या दिवशी मित्राबरोबर कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंगला गेलो आणि परत आलो तो निर्णय घेऊनच.

उन्हाळ्यात आमच्याकडच्या बहुतेक नद्या दगड दाखवतात, पण कुंडलिका एप्रिल-मे महिन्यातही सकाळी भरून वाहते. हे पाणी मूळचं तिचं नाही. घाटापलीकडे मुळशीला मुळा नदी अडवलेली आहे. ते पाणी बोगद्यातून आणि मोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला उतरतं, तिथल्या १९२७ पासून चालू असलेल्या वीजघरात जनित्रं फिरवतं आणि रवाळजेकडून नदीला मिळतं. वीज तयार झाली तर पाणी, पाणी आलं तर राफ्टिंग. म्हणून आमचा दिवस सूर्यावर नाही तर पाण्याच्या निरोपावर सुरू व्हायचा. त्या धरणाखाली गेलेल्या जमिनींसाठी सेनापती बापटांच्या पुढाकाराने १९२१ ते १९२४ मुळशीचा सत्याग्रह झाला, हे मला पर्यटकांना माहिती सांगता सांगता कळलं. ज्या पाण्यावर मी जगलो, त्याची किंमत कुणीतरी आधीच देऊन ठेवली होती.

सकाळी आठला साजे गावाच्या खाली राफ्ट पाण्यात सोडायची तेव्हा धुकं अजून अंगावर असायचं. पाणी थंडगार. किनाऱ्यावरच्या झाडीतून धनेशाची हाक यायची. पहिली खळखळ लागली की मघाशी फोनवर ओरडणारा माणूस लहान मुलासारखा हसायचा. रविवारी लोक पैसे मोजून ज्यासाठी मुंबई-पुण्याहून यायचे, ते मला रोज मिळत होतं. पावसाळ्यात सुरगडावर आणि अवचितगडावर गट न्यायचो. जुनं सामान विकायला निघालं की निम्म्या किमतीत आम्हाला. नवीन बूट 'वापरून सांगा' म्हणून फुकट. एका वर्षी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतल्या २८ दिवसांच्या बेसिक कोर्सला कंपनीने पाठवलं. तिथून परत आलो तेव्हा बर्फाने सोललेल्या नाकाचा मला अभिमान होता. आजही आहे. या गोष्टी खोट्या होत्या असं मी कधीच म्हणणार नाही.

माझी पहिली चूक अशी की मी या सगळ्याला पगारात धरलं. फेरीमागे पैसे मिळायचे, फेरी नाही तर नाही. पाणी सुटलं नाही, तर राफ्ट काठावर आणि आमचे हात रिकामे. पण तक्रार करावीशी वाटली की मनात यायचं, जेवण आहे, तंबू आहे, गेल्या महिन्यात जॅकेट मिळालं, आणखी काय पाहिजे? उत्तरकाशीला पाठवण्याआधी मालकांनी एका कागदावर सही घेतली होती. पुढचे दोन हंगाम मी याच दरात काम करीन, असं त्यात लिहिलेलं होतं. मी तो कागद उभ्याउभ्या सही करून दिला. वाचला नाही. कोर्सची फी किती आणि दोन हंगामांत माझी वाढ किती बुडाली, याची वजाबाकी मी सात वर्षांनी केली.

बाबा पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी करतात. मूर्तीचे डोळे उघडण्याचं ते काम. हंगाम संपताना प्रत्येक कारागिराला मालकाकडून घरच्यासाठी एक मूर्ती मिळते. लहानपणी मला वाटायचं, बाबांना गणपती फुकट मिळतो म्हणजे बाबा केवढे नशीबवान. मी कोलाडला दोन वर्षं काढल्यावर एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "महिन्याला हातात किती येतात?" मी बूट, जेवण, कोर्स असं सांगत गेलो. ते म्हणाले, "अरे, मूर्ती मजुरीवर मिळते. मजुरी कापून नाही. तू सांगतोस ते पोटावारी काम झालं." मला राग आला. त्यांना माझं काम कळत नाही असं मी ठरवून टाकलं आणि पुढे जवळजवळ वर्षभर पैशांचा विषय घरात काढू दिला नाही.

इथपर्यंतचं नुकसान माझं स्वतःचं होतं. पुढचं तसं नाही.

२०१६ मध्ये आम्ही चौघांनी मिळून जुन्या दोन राफ्ट घेतल्या आणि स्वतःचं काम सुरू केलं. आता मी मालकांपैकी एक होतो. कामाला आसपासच्या वाड्यांवरची मुलं घेतली. ही मुलं नदीत वाढलेली, कुठल्या दगडामागे पाणी उलटं फिरतं ते आमच्या आधी त्यांना माहीत. त्यांच्यातला एक एकोणीस वर्षांचा, कातकरी वाडीवरचा, पहिल्याच हंगामात इतका तयार झाला की मागच्या राफ्टवर त्याला एकट्याला सोडता यायचं. त्याला आम्ही काय दिलं? फेरीमागे ठरलेले पैसे, दोन वेळचं जेवण, टी-शर्ट, आणि दिवाळीला बूट. मी तो बुटाचा खोका त्याच्या हातात दिला तेव्हा त्याचा चेहरा जसा उजळला, तसाच माझा पाच वर्षांपूर्वी उजळला होता. ते मला दिसलं. आणि ते बघून मला समाधान वाटलं, शंका आली नाही. आम्ही मोजकीच माणसं ठेवत होतो, म्हणून राज्य कामगार विमा लागू नाही. विसाच्या खाली, म्हणून भविष्यनिर्वाह निधी लागू नाही. ही मर्यादा मला पाठ होती. मी ती जपत होतो, हेही इथे लिहिलं पाहिजे.

डिसेंबर २०१८ च्या एका रविवारी मी माझ्या कॉलेजच्या मित्रांना फुकट राफ्टिंगला बोलावलं. ओळखीच्यांना मोफत नेता येणं, हा या कामाचा मला सगळ्यात आवडणारा मान होता. ते साडेआठला यायचे होते, हायवेवर अडकून पावणेअकराला पोचले. पाणी लवकरच कमी होणार, असा निरोप तोवर येऊन गेला होता. नियम आमचाच होता: निरोप आल्यानंतर राफ्ट उतरवायची नाही. पर्यटक असते तर मी पैसे परत केले असते. मित्रांना 'परत जा' म्हणणं मला जमलं नाही. त्या मुलाला मी म्हणालो, "चल, पटकन एक फेरी मारू." तो फक्त "हो दादा" म्हणाला. त्याने आधी नदीकडे पाहिलं होतं. ते पाहणं मला आठवतं.

निम्म्या वाटेवर पाणी ओसरलं. सकाळी जे दगड एक हात पाण्याखाली होते ते वर आले आणि राफ्ट दोन दगडांच्या मध्ये आडवी अडकून बसली. माणसं काठावर काढली, कुणाला काही झालं नाही. राफ्ट सोडवताना दोराला एकदम हिसका बसला आणि त्या मुलाचा उजवा खांदा निखळला. तो ओरडला नाही. दगडावर बसून राहिला, हात दुसऱ्या हाताने धरून.

रोह्याला दवाखान्यात खांदा बसवला. खर्च आम्ही केला. डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने वल्हं हातात घ्यायचं नाही. मी त्याला सांगितलं, "आराम कर, काळजी करू नकोस," आणि माझं एक चांगलं जॅकेट त्याला दिलं. एवढं करून मी मोकळा झालो. फेरी नाही म्हणून पैसे नाहीत, हा हिशेब तसाच चालू राहिला. तो काम करताना जखमी झाला होता, माझ्या सांगण्यावरून, माझ्या मित्रांसाठी. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा तेव्हा लागू होता. काम करताना माणूस तात्पुरता अधू झाला तर मालकाने दर पंधरवड्याला त्याच्या महिन्याच्या मजुरीच्या २५ टक्के द्यायचे, असं त्यात आहे. मी कॉमर्सचा पदवीधर. हा कायदा मी कधी उघडला नव्हता आणि खांदा निखळल्यावरही उघडला नाही. तीन महिन्यांनी तो परत आला, तेव्हा डोक्यावर हात नेताना त्याचा खांदा अडत होता. महिनाभर त्याने किनाऱ्यावरचं काम केलं आणि मग यायचा थांबला. त्याला बोलवायला मी गेलो नाही. मुलं टिकत नाहीत, असं आम्ही आपसात बोलत असू. मीही तेच बोललो.

जून २०२० मध्ये, अंगणात बूट मांडून बसलो होतो, तेव्हा मला तो आठवला. काम बंद, हातात पैसा नाही, आणि घरात दुसऱ्याने दिलेलं जॅकेट. त्या हिवाळ्यात तो नेमका असाच बसला असणार.

मी सामान विकायला काढलं. मुंबईच्या एका ट्रेकरने बूट आणि स्लीपिंग बॅगा घेतल्या, घड्याळं पेणमध्येच गेली. आधी पत्रे घातले. त्या मुलाकडे मी पोचलो तो दिवाळीनंतर. कुणी मला लवकर पोचल्याचं श्रेय देऊ नये. तीन महिन्यांच्या फेऱ्यांचे पैसे धरून पाकीट नेलं होतं. तो घरी नव्हता, त्याची आई होती. तिने बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं. पाकीट हातात घेऊन मोजलं नाही. म्हणाली, "शेट, तवा दिलं असतं तर दागिना गहाण पडला नसता." मग आत जाऊन खोका घेऊन आली. दिवाळीचे बूट त्यात होते. "हे न्या. लेस बांधायला दोन हात लागतात. तवा मीच बांधायची, त्याला लाज वाटायची. मग घातलेच नाहीत."

मी बूट परत घेतले. नको म्हणायचा हक्क मला नव्हता.

त्यानंतर आमची भागीदारी मोडली. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण आलं, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी, प्रशिक्षित गाइड, विमा अशा अटी आल्या, आणि कोलाडला त्यावर बरीच चर्चा झाली. मी आता दुसऱ्यांच्या कॅम्पवर गाइड तयार करायचं काम करतो, महिन्याच्या पगारावर. नदी सोडली नाही, सोडणारही नाही. नवीन मुलं आली की पहिल्या दिवशी वल्हं हातात द्यायच्या आधी मी त्यांना बँकेत नेतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत होतो, अपघाती मृत्यूला आणि पूर्ण अपंगत्वाला दोन लाख. त्यातून निखळलेल्या खांद्याचे दिवस भरून निघत नाहीत, म्हणून मालकाकडून वेगळा अपघात विमा उतरवून घेतल्याशिवाय मी प्रशिक्षण सुरू करत नाही. एका कॅम्पने यावरून मला नको म्हटलं. बरं झालं.

मुलांना बूट आजही मिळतात. ते मिळावेत. चांगला बूट पायात असणं ही या कामातली गरज आहे आणि आनंदही आहे. फक्त तो बूट हातात देताना मी त्यांच्यासमोर हजेरीची वही उघडतो आणि त्या महिन्याचे पैसे वाचून दाखवतो.

कोलाडला तुम्ही राफ्टिंगला याल तेव्हा लाइफ जॅकेटचे पट्टे तपासाल, तसंच तुमच्या राफ्टच्या मागच्या टोकाला बसलेल्या मुलाला विचारा की त्याचा विमा कुणी उतरवला आहे, आणि पाणी आलं नाही त्या दिवशी त्याला काय मिळतं. तो सांगेल. आणि काठावर कुणी म्हणालं की पाणी कमी होतंय, आज नको, तर परत जा.

तो मुलगा आता धाटावला एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जातो. महिन्याच्या सात तारखेला त्याचा पगार होतो.