गळती कोठून?

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी या पट्ट्यात आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे विखुरलेली आहेत. त्यांपैकी एका विधवा माउलीचा मुलगा बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करतो. पाळी सुटते त्या अवेळी एस.टी. मिळत नाही, म्हणून त्याने दहा वर्षे वापरलेली शंभर सी.सी.ची एक मोटारसायकल घेतली. (कंपनीचे नाव आम्ही सांगत नाही, गळणे हा काही एकाच घराण्याचा गुण नव्हे.) दोनच महिन्यांत इंजिनाखाली तेलाचे थारोळे दिसू लागले. गॅरेजवाल्याने वरवर पाहून, इंजिन पूर्ण उघडावे लागेल, असा निवाडा दिला. तो खर्च भागवायचा तर धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या फीला हात लावावा लागणार होता. शिवाय तेल मागच्या चाकावर उडत होते. रात्रीच्या वेळी, उसाच्या ट्रॅक्टरांमागून जाताना तेलकट टायरवर ब्रेक लागणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

सेमिनरीत आम्हांला संत थॉमस अक्विनास शिकविला गेला. परिणामावरून कारणाकडे कसे जावे, हे त्या थोर गुरूने फार निगुतीने सांगितले आहे. पुढे खेडोपाडी जुन्या दुचाकीवर हिंडताना त्या शिकवणीचा उपयोग आम्हांला व्याख्यानांहून अधिक पाने-पक्कडींच्या संगतीत झाला. तेल ठिबकते एके ठिकाणी आणि निघते भलतीकडेच. ते उतारावरून खाली येते, वाऱ्याने मागे पसरते, धूळ धरते. आणि मग सारे इंजिनच अपराधी दिसू लागते.

म्हणून आम्ही प्रथम पान्याला हात लावला नाही. पूर्वी या कामी रॉकेल वापरीत, आता आम्ही डिझेल घेतले. ब्रशाने इंजिन धुऊन, फडक्याने कोरडे करून, त्यावर अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरली. मुलगा सणसरच्या दिशेने थोडा फेरफटका मारून आला. पांढऱ्या पावडरीवर एक काळी ओली रेघ स्पष्ट उमटली होती, आणि ती खालच्या जोडावर नव्हे, वर टॅपेटच्या झाकणापाशी सुरू होत होती. झाकणातील रबरी रिंग उष्णतेने काचेसारखी कडक झाली होती.

पण रिंग बदलून भागले नसते. पिस्टन खालीवर होतो तेव्हा त्याखालची हवा दाबली जाते. ती बाहेर पडावी म्हणून इंजिनाला ब्रीदर पाइप, म्हणजे श्वासनळीच म्हणा ना, दिलेली असते. या गाडीची नळी काळ्या मातीच्या चिखलाने पार बुजली होती. कोंडलेला दाब जेथे जोड दुबळा तेथून तेल बाहेर ढकलीत होता. नवी रिंगही चार आठवड्यांत तशीच रडली असती. नळी तारेने मोकळी केली, रिंग बदलली, झाकण बेताने आवळले. बेताने असे मुद्दाम लिहितो, कारण ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की गेलेच. काही जण गळतीवर चिकट लेप भरपूर थापतात. त्याचा तुकडा आत सुटून तेलाची वाट अडवतो, आणि स्वस्तातला इलाज इंजिनाच्या जिवावर बेतू शकतो.

गिअरच्या दांड्याजवळचे सील अजून किंचित पाझरते. ते आम्ही तूर्त तसेच राहू दिले आहे. पाझर आणि गळती यांत भेद करावा. मात्र अशा लहान इंजिनात तेलच मुळी जेमतेम लिटरभर असते, म्हणून त्याची पातळी दर आठवड्याला पाहण्याचे वचन आम्ही मुलाकडून घेतले आहे.

बहिणीची फी वेळेवर भरली गेली. काढलेले जळके तेल मुलगा कालव्याकडे नेऊ लागला, तेव्हा मात्र आम्ही रागावलो. नीरा डाव्या कालव्याचे पाणी कितीतरी गावे वापरतात. मग त्याने ते डब्यात भरून घरी नेले. दाराच्या चौकटीला वाळवी लागली होती म्हणे.